देवमाशांच्या वाटेवर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर जावं, तेव्हा कुठं सकाळी खारा वारा लागतो. मग देवमासा तर आपल्याला पुस्तकातच भेटायचा! मला तो प्रत्यक्ष दिसला ऑस्ट्रेलियात. मुलगी तिकडं असते, तिनं मला हर्वी बे नावाच्या गावी नेलं आणि बोटीत बसवलं.

तिथं दिसतात ते हंपबॅक देवमासे. तेरा-चौदा मीटर लांब, पंचवीस-तीस टन वजनाचे. उन्हाळाभर ते अंटार्क्टिकाजवळच्या थंड पाण्यात राहतात आणि कोळंबीसारखे दिसणारे क्रिल नावाचे बारीक जीव खाऊन अंगावर चरबी चढवतात. आपल्याकडं मृगाच्या पेरण्या चालू असतात, तेव्हा तिकडं हिवाळा असतो. त्या दिवसांत हे देवमासे पिलं घालायला उत्तरेच्या उबदार पाण्याकडं निघतात. एका बाजूचाच प्रवास हजारो किलोमीटरचा. परतताना लेकुरवाळ्या माद्या हर्वी बेच्या शांत पाण्यात काही दिवस थांबतात. पिलू अंगानं भरावं, दमसास वाढावा, म्हणून.

या सगळ्या काळात आई जवळजवळ उपाशी असते. तरी पिलाला दूध पाजते. आपल्याकडं म्हशीच्या दुधाला सात-आठ टक्के फॅट लागली तरी डेअरीवाला खूश होतो. हिच्या दुधात ती चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. अंगावरची चरबी आटवून ती लेकरू वाढवते. हे कळल्यावर मी त्या पाण्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहू लागले.

देवमासा आधी ऐकू येतो. पाण्यावर फुस्सकन मोठा श्वास सुटतो आणि तुषारांचा खांब उभा राहतो. लगेच त्याच्या शेजारी एक छोटा श्वास, पिलाचा. वारा आमच्या दिशेनं होता. तुषार चष्म्यावर आले, त्यांना सडक्या मासळीचा वास होता. मग आईचं डोकं वर आलं. त्यावर लिंबाएवढे गोल उंचवटे होते आणि अशा प्रत्येक उंचवट्यात एकेक केस असतो. हा मासा नव्हे, आपल्यासारखाच सस्तन प्राणी, याची ती खूण. बुडी मारताना तिनं शेपूट उचललं. शेपटाखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. तिच्यावरूनच अभ्यासक एकेक देवमासा ओळखतात.

तिथं बोटीनं शंभर मीटरच्या आत जायचं नाही, असा कायदा आहे. देवमासा आपण होऊन जवळ आला, तर बोटवाला गिअर काढून थांबतो. आमच्या बोटीवर कुणी कुरकुर केली नाही. सगळे वाट बघत होते.

ही शिस्त उशिरा आली. त्या किनाऱ्यावर १९६२पर्यंत देवमाशांची शिकार चालली, आणि थांबली ती मारायला देवमासेच उरले नाहीत म्हणून. पुढं त्यांना संरक्षण मिळालं. तेव्हा काहीशे उरले होते, आज चाळीस हजारांहून जास्त आहेत.

आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, पण ते ध्रुवाकडं जात नाहीत. इथंच खातात, इथंच वितात. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यांची बेकायदा कत्तल केली. ओमानच्या किनाऱ्याजवळ आता शंभरही उरले नसावेत, असा अंदाज आहे. २०१७ साली तिथल्या लुबान नावाच्या मादीला उपग्रहाचा टॅग लावला, तर ती अरबी समुद्र ओलांडून थेट मन्नारच्या आखातापर्यंत येऊन गेली. मासेमारीची जाळी आणि मोठी जहाजं, हा या देवमाशांचा आजचा धोका.

श्रोतेहो, दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं तारकर्ली-दापोलीला जातात आणि डॉल्फिन बघायला बोटीत बसतात. डॉल्फिन दिसला की चार बोटी चारी बाजूंनी त्याच्यामागं धावतात. तुम्ही बसाल त्या बोटवाल्याला आधीच सांगा: दादा, पाठलाग नको, लांबच थांबू. दिसले तर दिसले, तुमचे पैसे आम्ही पूर्ण देऊ.

नमस्कार.