कॅमेरा निवडण्याआधी वीज मोजा

(गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि काही शेतकरी मित्रांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

सोसायटीच्या सभेत सीसीटीव्हीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मेगापिक्सेलचे घ्यायचे? लगेच दुसरा येतो: मोबाइलवर दिसेल ना? मी बरीच वर्षं हीच कामं करतो आहे आणि मला मनापासून वाटतं की पहिला प्रश्न वेगळा हवा. रात्री अडीच वाजता, पाऊस कोसळत असताना, लाईट गेलेली असताना हा कॅमेरा चालू असेल का? आणि त्याला जे दिसलं ते डिस्कवर उतरलेलं असेल का? या दोन प्रश्नांची उत्तरं विजेत आहेत. म्हणून आज मी कॅमेऱ्याबद्दल थोडं कमी आणि विजेबद्दल जास्त बोलणार आहे.

एक तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. "दिवसभर कॅमेरा छान चालतो, रात्री मात्र सारखा बंद-चालू होतो." लोक कॅमेरा बदलून घेतात. नवा कॅमेराही आठवड्याभरात तेच करायला लागतो. यात कॅमेऱ्याचा काहीच दोष नसतो. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवसा जो कॅमेरा ०.१५ अँपिअरवर भागवतो, तो रात्री ०.५ अँपिअर मागतो. आता समजा मीटर रूममधल्या १२ व्होल्टच्या सप्लायपासून मागच्या भिंतीपर्यंत ६० मीटर केबल आहे. करंट जाऊन परत येतो, म्हणजे हिशोबाला १२० मीटर तार. अर्ध्या चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार धरली तरी तिचा रोध सव्वाचार ओहमच्या घरात जातो. दिवसा त्यात जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो आणि कॅमेऱ्याला सव्वाअकरा मिळतात. रात्री तिथेच दोन व्होल्टहून जास्त पडतात, हाती येतात दहाच्या आत. साध्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकावर १२ व्होल्ट, अधिक-उणे १० टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०.८ च्या खाली त्याची हमी संपली. नळाच्या लाईनीवर शेवटच्या घरात पाणी बारीक येतं, तसंच हे.

पुढे काय होतं ते नीट बघा. व्होल्ट पडले की कॅमेरा बंद होतो. बंद झाला की दिवे विझतात, ओढ संपते, व्होल्ट पुन्हा वर येतात. कॅमेरा परत सुरू होतो, अंधार पाहून दिवे लावतो आणि पुन्हा कोसळतो. रात्रभर हेच चक्र. सकाळी कमिटीचा माणूस स्क्रीन बघतो तेव्हा सगळं व्यवस्थित असतं. म्हणून माझा आग्रह असतो की व्होल्ट मोजायचे ते रात्री, दिवे लागलेले असताना आणि कॅमेऱ्याच्या टोकाला. सप्लायच्या डब्यापाशी मोजून काही कळत नाही. व्होल्ट मोजायचा मीटर साध्या दुकानात मिळतो आणि मोजायला पाच मिनिटं लागतात.

आता तारेबद्दल. बाजारात जी स्वस्त "थ्री प्लस वन" केबल (वीज आणि चित्र एकत्र नेणारी) मिळते, तिच्यातली पुष्कळशी तांब्याची नसते. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. याला धंद्यात सीसीए म्हणतात. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, म्हणजे वरच्या हिशोबात रात्री आणखी एक व्होल्ट गेला. ब्लेडने तारेचं टोक खरवडा, आत पांढरट दिसलं तर ती केबल परत करा. मला या बाबतीत तडजोड अजिबात पटत नाही. कॅमेरा चार वर्षांनी बदलता येतो, भिंतीतून आणि पाइपातून ओढलेली केबल कोणी बदलत नाही.

नवीन काम असेल तर मी सरळ आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारे, आणि पीओई, म्हणजे त्याच केबलमधून वीज, सुचवतो. एकाच कॅट-सिक्स केबलमधून चित्रही येतं आणि वीजही जाते. यात वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, हा खरा फायदा. सहा वॉटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर लागतो, ४८ वर त्याचा चौथा हिस्सा. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे तेवढ्याच तारेत नुकसान सोळा पटींनी कमी. २००३ च्या मानकाप्रमाणे, ज्याला ८०२.३ एएफ म्हणतात, स्विच, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात तो डबा, एका पोर्टला, म्हणजे केबलच्या एका खाचेला, १५.४ वॉट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोहोचतील असं धरलेलं आहे. २००९ च्या एटी मानकात ३० आणि २५.५. फिरणाऱ्या कॅमेऱ्याला दुसरं लागतं, साध्याला पहिलं पुरतं. केबलची मर्यादा मात्र १०० मीटर.

इथे खरेदीत एक गोष्ट सुटते. आठ पोर्टचा स्विच म्हणून विकतात, पण सगळ्या पोर्टना मिळून वीज देण्याचं त्याचं एकूण बजेट कधी ६० वॉटच असतं. आठही पोर्टनी पूर्ण मागणी केली तर सव्वाशे वॉट लागतील. तेव्हा आठ कॅमेऱ्यांची रात्रीची वॉट बेरीज करा, वर पंचवीस टक्के ठेवा आणि मगच स्विच निवडा.

लाईट गेल्यावर काय? आपल्याकडे हा प्रश्न टाळताच येत नाही. आठ कॅमेरे रात्री ४८ वॉट, रेकॉर्डर डिस्कसकट २०, राउटर आणि स्विचची स्वतःची भूक मिळून आणखी पंधरा-वीस. ८५ वॉट धरा. बहुतेक ठिकाणी खाली कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस ठेवलेला दिसतो. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. कागदावर एक तास, प्रत्यक्षात निम्मासुद्धा कठीण, आणि दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी असेल तर काही मिनिटं. त्याऐवजी १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. कागदावर १८०० वॉट-अवर. शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, हे सगळं वजा केलं तरी दहा तास निघतात. रात्र पार पडते.

हा पुरवठा वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगवर कधीही ठेवू नका. तिथे पंखा असतो, चार्जर असतो, कोणीतरी प्लग काढतोच. कॉमन मीटरवरून स्वतंत्र एमसीबी, कुलपाच्या पेटीत, आणि पेटीवर नाव लिहिलेलं. रेकॉर्डरही केबिनमध्ये नको. चोर कॅमेऱ्याकडे बघत नाही, तो डबा उचलून नेतो.

शेतकरी मित्रांसाठी. मोटारीची केबल कापून तांब्यासाठी नेतात, हे दुखणं तुम्हाला मी सांगायला नको. शिवारात थ्री फेज पाळीने येते, त्यामुळे तिच्या भरवशावर कॅमेरा चालणार नाही. सौर हाच मार्ग. पण बाजारात तळहाताएवढ्या पॅनेलचे जे कॅमेरे मिळतात ते चोवीस तास रेकॉर्ड करत नाहीत. ते झोपलेले असतात, माणसाच्या शरीराची उष्णता जाणवली की जागे होतात, आणि जागं होईपर्यंतचे पहिले काही क्षण हातातून जातात. फाटकावर ते ठीक आहे. विहिरीवर, जिथे सतत रेकॉर्डिंग हवं, तिथे हिशोब करावा लागतो. फोर-जी सकट सहा वॉटचा कॅमेरा दिवसाला १४४ वॉट-अवर खातो. पॅनेल उन्हाळ्याच्या हिशोबाने घेतलं तर श्रावणात फसाल. पावसाळ्यात दिवसाला दोन तासांचंच पूर्ण ऊन धरा, तीस टक्के नुकसान धरा, मग १०० वॉटचं पॅनेल लागतं. तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी चालायला लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची बॅटरी. खर्च वाढतो, मान्य आहे. पण श्रावणात बंद पडणारा कॅमेरा लावून पैसे वाया घालवण्यापेक्षा न लावलेला बरा.

सर्वोच्च न्यायालयालासुद्धा या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आहे. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या निकालात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. रात्री दिसलं पाहिजे, आवाजही टिपला पाहिजे, साठवण अठरा महिन्यांची, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्षाची. त्याच निकालात असंही आहे की जिथे वीज किंवा इंटरनेट नाही तिथे राज्यांनी ते पुरवावं, सौर किंवा पवन ऊर्जेने का होईना. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा "लाईट नव्हती" हे उत्तर चालत नाही.

वळवाच्या पावसाचं एक सांगतो. एप्रिल-मे मध्ये वीज कडाडली की गेटवरचा कॅमेरा, स्विच आणि रेकॉर्डर एकदमच जातात. वीज थेट कॅमेऱ्यावर पडायची गरज नसते. दोन इमारतींच्या जमिनीतल्या विद्युत पातळीत फरक पडतो आणि तो तांब्याच्या केबलमधून धावतो. म्हणून दोन इमारतींमध्ये, किंवा इमारत आणि लांबच्या गेटमध्ये, फायबरच टाका. काच आहे ती, वीज वाहत नाही. खांबावर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारं उपकरण) लावलात तर त्याला खरं अर्थिंग द्या. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर निरुपयोगी आहे.

आता तुमच्या मेगापिक्सेलकडे येतो. आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल धरतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे साडेसात मीटर रुंदीपर्यंतच ओळख पटेल. सगळीकडे सर्रास लावली जाणारी २.८ मिलिमीटरची लेन्स पाच मीटरवरच जवळजवळ बारा मीटर रुंदी घेते. सगळं आवार दिसतं, चेहरा कोणाचाच कळत नाही. गेटवर ६ मिलिमीटरची लेन्स घ्या, पाच मीटरवर रुंदी पाच मीटर, चेहरा स्वच्छ. आवार बघायला एक, चेहरा बघायला दुसरा, अशी विभागणी करा. आणि चेहऱ्याचा कॅमेरा फार उंच लावू नका, नाहीतर टोपीच दिसत राहते.

डिस्कचा हिशोब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला चार मेगाबिट असेल तर दिवसाला ४३ जीबी. आठ कॅमेरे, तीस दिवस: दहा टीबीहून जास्त. एच-२६५, म्हणजे चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत, वापरली तर साधारण निम्मं. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरची रात्रंदिवस लिहिणं सोसत नाही.

फुटेज कोर्टात टिकायचं असेल तर आपल्या जालन्याचं प्रकरण माहीत असायला हवं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, आणि त्याखालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, तीही लिहावी लागते. घटना घडली की त्याच दिवशी फुटेज मूळ स्वरूपात काढून ठेवा. स्क्रीनचं मोबाइलवर केलेलं शूटिंग पुरावा म्हणून धरू नका. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं असू द्या. दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ चांगला पुरावा पाडू शकतं.

पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) जगभरातून ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट तासन्‌तास बंद पाडल्या. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नियमानुसार एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची आहे. कॅमेऱ्यावरचा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-क्रमांक (नोंदणी क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, दुकानदारासमोरच. आणि राउटरवर इंटरनेटवरून थेट आत यायची वाट, ज्याला पोर्ट उघडणं म्हणतात, ती देऊ नका, इन्स्टॉलरने कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी.

कोटेशन घेताना या गोष्टी लिहून घ्या: केबल पूर्ण तांब्याची, कॅमेऱ्याच्या टोकाला रात्रीचे व्होल्ट किती, स्विचचं वॉट बजेट, लाईट गेल्यावर किती तास. शेवटचा हप्ता देण्याआधी एका रात्री दहा वाजता मेन स्विच पाडा. सकाळी सहाला उठून मधल्या कुठल्याही वेळेचं, म्हणजे अडीचचं, पावणेचारचं, रेकॉर्डिंग सगळ्या कॅमेऱ्यांवर काढून दाखवायला सांगा. नंतर मेन चालू करा आणि कोणी हात न लावता सगळं आपोआप परत सुरू होतं का, घड्याळ बरोबर आहे का, ते बघा. ही चाचणी दर सहा महिन्यांनी करायची, आणि तिची तारीख त्या कुलपाच्या पेटीवरच लिहायची. आता तुमचे प्रश्न घेऊया.