मोबाइलवरच्या आगाऊ जाहिराती

नमस्कार श्रोतेहो.

निफाड तालुक्यातला एखादा शेतकरी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या आधी मोबाइलवर लासलगावचा कांद्याचा भाव बघतो. उन्हाळ कांदा कमीत कमी किती गेला, जास्तीत जास्त किती, सरासरी किती, एवढंच त्याला हवं असतं. पान उघडतं, तक्ता दिसू लागतो, तो बोट टेकवायला जातो आणि नेमका तेव्हाच तक्ता खाली घसरतो. बोट पडतं कर्जाच्या जाहिरातीवर. मागे यावं, तर अख्खा पडदा झाकणारी दुसरी जाहिरात हजर. तिची फुली कोपऱ्यात, फिकट करड्या रंगात, तीही पाच सेकंदांनी उगवणारी. कधी कधी तर ती फुली जाहिरातीच्या चित्रातच रंगवलेली असते; ती दाबली की जाहिरातच उघडते.

आज मला याच त्रासाबद्दल बोलायचं आहे. हा त्रास मुकाट्याने सोसायची गरज नाही, आणि त्यातला बराचसा आपल्या हाताने थांबवता येतो.

तो तक्ता का घसरतो ते आधी सांगतो. पान उघडतं तेव्हा मजकूर आधी येतो आणि जाहिरातीची जागा रिकामी असते. ती जागा त्याच क्षणी विकली जाते. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीभोवती व्यापारी जमून बोली लावतात ना, तसाच हा लिलाव, फक्त बोली लागते ती तुमच्या नजरेवर. तुमचा मोबाइल कोणत्या बनावटीचा, तुम्ही साधारण कोणत्या भागात आहात, कोणत्या भाषेत कोणतं पान वाचताय, ही माहिती बोली लावणाऱ्यांच्या संगणकांकडे जाते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सौदा ठरतो. बाजार समितीत निदान भाव काय फुटला ते शेतकऱ्याला समोर उभं राहून ऐकू येतं. इथे ज्याच्या नजरेचा लिलाव होतो, त्यालाच त्याचा पत्ता नसतो. याची मला मनापासून चीड येते.

सौदा झाला की जाहिरात मागाहून येते आणि मजकुराला ढकलून जागा करून घेते. पान तयार करणाऱ्याने तेवढी जागा आधीच राखून ठेवली, तर मजकूर जागचा हलत नाही. म्हणजे हे टाळता येतं. जिथे टाळलं जात नाही, तिथे वाचकाची कदर नाही असंच मी म्हणेन.

दुखणं जुनं आहे. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या अमेरिकी संकेतस्थळावर काम करणारे इथन झुकरमन यांनी पॉप-अप जाहिरातीचा, म्हणजे आपोआप वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिरातीचा, कोड लिहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी चिडली, म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडायची, असा तोडगा निघाला. पुढे त्याचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. २०१४ मध्ये झुकरमन यांनी लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. २०१६ मध्ये जाहिरात आणि तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कंपन्यांनीच 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' ही संघटना स्थापन केली आणि लोकांना कोणत्या जाहिराती सहन होत नाहीत ते ठरवलं. आपोआप आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ, पडदा झाकणारं पॉप-अप, लुकलुकणारी चित्रं, मोबाइलच्या पानाची तीस टक्क्यांहून जास्त उंची खाणाऱ्या जाहिराती, हे सगळं त्यात आहे. १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडणारं गुगलचं अ‍ॅप, हे नियम वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती अडवतो. तरीही पुष्कळ काही निसटतंच.

आता सगळ्यात जास्त छळणाऱ्या प्रकाराकडे येतो. मी नाशिकरोडला संगणक शिकवतो. ज्येष्ठ मंडळी मोबाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, यात व्हायरस शिरलाय, रात्रंदिवस टुणटुण वाजतंय." पडदा वरून खाली ओढला की एकाखाली एक सूचना: तुमचा मोबाइल धोक्यात आहे, तुम्हाला बक्षीस लागलंय, तुमचं खातं बंद होणार आहे. बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी पानाने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असं सांगितलेलं असतं आणि भल्या माणसाने ते दाबलेलं असतं. माणूस असल्याचा पुरावा देण्यासाठी नोटिफिकेशनची, म्हणजे अशा सूचना पाठवायची, परवानगी कधीही लागत नाही, हे कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगा.

दिलेली परवानगी काढून घेता येते. क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा, तिथून साइट सेटिंग्ज आणि मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी समोर येईल. अनोळखी नावं एकेक करून ब्लॉक करा. वाटलं तर वरचं मुख्य बटणच बंद करा. बातम्या वाचायचं काही अडत नाही. त्याच साइट सेटिंग्जमध्ये पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स आहे, तेही बंदच असू द्या. हे करताना सूनबाई किंवा नातू शेजारी असेल तर उत्तम, पण मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका. आपण स्वतः करा, म्हणजे पुढच्या वेळी अडणार नाही.

अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये गुगल या भागात अ‍ॅड्स म्हणून एक जागा आहे. तिथे जाहिरातीसाठीचा ओळख क्रमांक, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, पुसून टाकता येतो. त्याने जाहिराती कमी होत नाहीत, पण त्या क्रमांकाच्या आधारे वेगवेगळी अ‍ॅप्स तुमच्यावर जी पाळत ठेवतात ती तुटते. आणि जाहिरातीच नकोत असतील, तर अँड्रॉइडवर फायरफॉक्स हे क्रोमसारखंच अ‍ॅप घेऊन त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटी जोडसोय, बसवता येतं. ते मोफत आहे. आयफोनवर सफारीसाठी असेच जाहिराती अडवणारे कंटेंट ब्लॉकर मिळतात. दिवसाला दीड जीबी डेटावर भागवणाऱ्या विद्यार्थ्याला यातला फरक लगेच कळतो, कारण आपोआप चालणारे व्हिडिओ त्याचाच डेटा खात असतात.

मात्र इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या बातम्या देणारी छोटी संकेतस्थळं जाहिरातींवरच चालतात. गंगापूर धरणातून विसर्ग किती सुटला, कोणत्या भागात पाणी येणार नाही, हे ती सांगतात. जी संकेतस्थळं नीटनेटकी आहेत, मजकुराच्या बाजूला शांतपणे जाहिरात ठेवतात, त्यांना ब्लॉकरमधून सूट द्या. ती सोय त्यात असते. कॉलेज रोडवरच्या दुकानदाराने आपली जाहिरात करावी, त्यात गैर काहीच नाही. वाचणाऱ्याचं बोट फसवून ती उघडायला लावणं मात्र गैर आहे.

आणि आता ते नियमांविरुद्धही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न्सविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला चकवणारे तेरा प्रकार त्यात दिले आहेत. बातमीचा किंवा मजकुराचा वेश घेऊन आलेली जाहिरात त्यात आहे, आणि नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा टोचत राहणंही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करताना पडद्याचा स्क्रीनशॉट आणि संकेतस्थळाचा पत्ता जवळ ठेवा.

सिंहस्थाच्या निमित्ताने बाहेरगावचे नातेवाईक आपल्याला खोल्या आणि गाड्यांबद्दल विचारणारच. त्यांना सांगा, की गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जे दिसतं, त्यावर 'स्पॉन्सर्ड' लिहिलंय का ते आधी बघा. लिहिलं असेल तर ती पैसे देऊन मिळवलेली जागा आहे, खरेपणाची खूण नव्हे. संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न अक्षर वाचा, खोलीच्या मालकाशी किंवा हॉटेलशी स्वतः फोनवर बोला, आणि मगच पैसे पाठवा. तरीही कोणी फसलंच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.

नमस्कार.