पाटी जर्मनीची, भागधारक नेदरलँड्सचा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जुलैच्या सुरुवातीला पाऊस लागलेला असतो, नाशिक रस्त्यावर कंटेनरांची रांग जागची हलत नसते, आणि अनेक कारखान्यांच्या हिशेब विभागात १५ जुलै या तारखेची लगबग चाललेली असते. ज्या कंपनीत परदेशी भागधारकाचा पैसा आहे, तिने ३१ मार्चअखेरची आपली परकीय देणी आणि मालमत्ता या तारखेपर्यंत रिझर्व्ह बँकेला कळवायची असतात. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील या वार्षिक विवरणपत्राला हिशेब विभागात सगळे ‘एफएलए’ एवढेच म्हणतात.

उदाहरणादाखल सुटे भाग बनवणारा एक कारखाना कल्पू. फाटकावरची पाटी जर्मन, यंत्रांवरच्या सूचना जर्मन आणि दरवर्षी पाहणीला येणारे साहेबही जर्मन. विवरणपत्रात मात्र भागधारकाच्या देशापुढे नेदरलँड्स लिहावे लागते; कारण समभाग ज्या कंपनीच्या नावावर आहेत, ती तिथे नोंदलेली असून मूळ जर्मन कंपनी तिच्या मागे उभी आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी २००९ पासूनच्या आकड्यांवर थेट गुंतवणुकीची जी समन्वित पाहणी करतो, तिच्यातही लगतच्या गुंतवणूकदाराचाच देश धरला जातो. भारताच्या कोष्टकात मॉरिशस आणि सिंगापूर इतके वर दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच. तेवढ्यावरून मॉरिशसमध्ये कारखानदारांची दाटी असेल, असे कोणी समजू नये.

परदेशी गुंतवणूकदाराकडे १० टक्के किंवा त्याहून अधिक समभाग असले, की ती थेट गुंतवणूक ठरते. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे मूल्य मात्र ताळेबंदावरून काढतात: भरणा झालेल्या भागभांडवलात राखीव निधी मिळवायचा, साठलेला तोटा वजा करायचा आणि येणाऱ्या रकमेतून परदेशी हिस्सा वेगळा करायचा. म्हणूनच ‘यंदा बाहेरून एक रुपयाही आला नाही, मग भरायचे कशाला?’ हा दरवर्षी ऐकू येणारा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. दहा वर्षांपूर्वीची गुंतवणूक शिल्लक असेल, तर नफ्यातोट्याबरोबर तिचे मूल्य दर मार्चला बदलते, आणि पाहणीला हवा असतो तो नेमका हाच बदललेला आकडा.

पुण्याला पाहणीची परंपरा जुनी आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली, तेव्हा माहिती गोळा करणारे लोक कुटुंबांपर्यंत स्वतः जात, समोर बसून विचारत. एफएलएसाठी कारखान्याच्या दारात कोणी येत नाही. पूर्वी एक्सेलची फाइल ईमेलने जात असे, २०१९ पासून ती माहिती पोर्टलवर भरली जाते, आणि प्रश्नाचा अर्थ लावण्याची जबाबदारी भरणाऱ्यावरच पडते. लेखापरीक्षण झाले नसले, तरी तात्पुरत्या आकड्यांवर विवरणपत्र वेळेत द्यावे लागते. पक्के आकडे आल्यावर दुरुस्ती करता येते.

रकमा लाखांत लिहायच्या असतात. ताळेबंद पूर्ण रुपयांत असला आणि घाईत तोच आकडा चौकटीत उतरवला गेला, तर अडीच कोटींची गुंतवणूक कागदावर अडीच लाख कोटींची होते. म्हणून ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी अनुभवी हिशेबनीस पडद्यावर पेनाचे टोक टेकवतो आणि उजवीकडून अंक मोजत येतो.