गप्पी म्हणून मिळालेला मासा

मंडळी, 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची घोषणा वाचतच आपल्यातले बरेच जण मोठे झाले. तिचा एक परिणाम असा की हौदात, गटारात, विहिरीत बोटाएवढं काही वळवळलं की आपण त्याला गप्पी म्हणून मोकळे होतो. या टेबलावर तीन बरण्या आहेत. आत येताना मी विचारलं, तेव्हा बहुतेकांनी तिन्हींत गप्पी आहेत असं सांगितलं. गप्पी फक्त पहिलीत आहे.

फसलोय मीही. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून गप्पी म्हणून पिशवीभर मासे आणले आणि घरच्या टाकीत सोडले. पंधरा दिवसांत टाकीतल्या एंजल माशांचे लांब पर कडेनं कुरतडल्यासारखे दिसायला लागले. मी पाणी बदललं, औषध टाकलं, फिल्टर धुतला. मग एका रात्री खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो, तेव्हा कुरतडणारे दिसले. ते गॅम्बुशिया होते. हीच दुसरी बरणी.

नराचं सोपं आहे. गप्पीचा नर रंगीत, गॅम्बुशियाचा राखाडी. घोटाळा माद्यांचा. दोघी मातकट, दोघी पिल्लं देणाऱ्या, दोघींच्या पोटाशी मागच्या बाजूला काळा डाग. त्या डागावर कुणी पैज लावू नका.

मी काय करतो सांगतो. मासा काचेच्या स्वच्छ बरणीत घ्यायचा, मागे पांढरा कागद धरायचा आणि त्याला दोन मिनिटं शांत होऊ द्यायचं. आता शेपटी बघा. गॅम्बुशियाच्या शेपटीच्या परावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारख्या. डोळ्याखाली बऱ्याचदा काजळ ओघळल्यासारखी रेघ असते. पाठीवरचा पर पोटाखालच्या परापेक्षा मागे सुरू होतो. गप्पीच्या साध्या मादीच्या शेपटीवर असे ठिपके नसतात. तिच्या खवल्यांच्या कडा गडद असल्यामुळे अंगावर जाळी दिसते. प्राणिशास्त्रज्ञ पीटर्सनं 1859 मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासच्या माशांवरून तिचं नाव ठेवलं 'पोसिलिया रेटिक्युलाटा', आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच जाळीदार. पुढे त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी पाठवलेल्या माशांना गुंथर या दुसऱ्या शास्त्रज्ञानं 1866 मध्ये त्यांचं नाव दिलं. शास्त्रात आधीचं नाव टिकलं, बाजारात गप्पींचं. आपल्याकडे अनेकांना ते गप्पांवरून आलंय असं वाटतं, वाटू द्या.

गॅम्बुशिया मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला. डासांच्या अळ्या खातो म्हणून 1928 मध्ये तो इटलीहून भारतात आणला. अळ्या तो खातोच, पण बेडकांची आणि दुसऱ्या माशांची अंडीही सोडत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणून ही ओळख मला टाकीपेक्षा विहिरीसाठी जास्त गरजेची वाटते.

आता तिसरी बरणी, माझी लाडकी. हिच्याकडे बाजूनं नको, वरून बघा. डोक्यावर चमकता ठिपका दिसला? कोकणातल्या एखाद्या विहिरीत वाकून पाहिलंत तर काळ्या पाण्यात आधी हे ठिपकेच फिरताना दिसतात, मासा नंतर. हा पट्टेरी पॅनचॅक्स, आपल्या पश्चिम घाटाचा आणि किनाऱ्याचा. डोकं चपटं, तोंड वर वळलेलं, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ, तर पोटाखालचा लांबच लांब. गप्पी आणि गॅम्बुशियाच्या नरात हाच पर काडीसारखा झालेला असतो. पॅनचॅक्सच्या नरात तशी काडी नाही, कारण हा मासा अंडी घालतो आणि ती पाणवनस्पतींना चिकटवतो. अळ्या हाही आवडीनं खातो. परदेशी पाहुणे यायच्या आधीपासून खातोय.

मघाशी एका ताईंनी विचारलं, विहिरीत गॅम्बुशियाची एकच मादी पडली तर काय बिघडतं? एकदा नराशी संबंध आला की ती त्याचं बीज अंगात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. दुसऱ्या बरणीतली मादी गेले सहा आठवडे एकटी आहे. काल संध्याकाळी बरणीत ती एकच होती. आता पुढे या आणि मोजा. म्हणजे तिनं खाऊन जेवढी उरलीत, तेवढी.