धूळ नव्हती ना ती?

नमस्कार मंडळी. सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिलीयत आणि मागे वडे गार होतायत हे मलाही दिसतंय. मराठी शाळेचा रिपोर्ट द्यायचा होता. एकोणीस मुलं, दोन वर्ग, प्रोजेक्टर अजून बंदच. झाला रिपोर्ट.

आता खरं काय ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी जोरदार भांडण झालं, आणि ते झालं श्यामच्या आईवरून.

यंदा मोठ्या मुलांना, म्हणजे सहावी ते आठवीवाल्यांना, एक अख्खं पुस्तक वाचायला द्यायचं ठरलं. कुठलं, यावर कमिटीत पाच मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही. 'श्यामची आई'च, दुसरं काय! लगेच कोणीतरी सिनेमातलं गाणं गुणगुणायला लागलं, एकदोघांचे डोळे पाणावले, ठराव पास. पण गेल्या वीस वर्षांत ते पुस्तक प्रत्यक्ष उघडलंय किती जणांनी? नका वर करू हात, मीही उघडलं नव्हतं. माझी प्रत पुण्याहून बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली आली, पानांना अजून मेथीचा वास आहे.

सुरुवात मजेत झाली. पोहायला जायला नको म्हणून श्याम माळ्यावर लपतो, तर मुलांना वाटलं ॲटिकमध्ये, ख्रिसमस ट्रीच्या खोक्यामागे. एकाने विचारलं, विहिरीवर लाइफगार्ड होता का? आई मारते म्हटल्यावर दुसरी म्हणाली, हे शाळेत कळलं तर घरी फोन येईल. आई लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते, श्यामचे पाय मळू नयेत म्हणून, तिथे मी नेहमीप्रमाणे रडले. एका मुलीने उठून टिश्यू आणून दिला. बाकी कोणी रडलं नाही. आणि एवढं सगळं होऊन वाचून झालं होतं चाळीस मिनिटांत दीड पान.

मग ती मोळीची गोष्ट आली. म्हातारी महारीण, लाकडाची मोळी खाली पडलेली, कोणी हात लावत नाही, आणि आई श्यामला सांगते, जा, दे उचलून तिच्या डोक्यावर, नि घरी येऊन आंघोळ कर. माझ्या लेकीने हात वर केला (वर्गात मी तिची टीचर, घरी कोण ते विचारू नका). "आंघोळ का?"

आणि मी, तुमच्या शाळेची मुख्याध्यापिका, काय म्हणाले असेन? म्हटलं, "अगं, लाकडांना धूळ असते ना." आणि पान उलटलं.

रात्री ती खाली आली, हातात फोन. 'महारीण' शब्द तिने शोधला होता. "मम्मा, धूळ नव्हती ना ती?"

नवरा म्हणाला, बारा-तेरा वर्षांची आहे, एवढं काय त्यात. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. लेक म्हणाली, आमच्या रोजच्या शाळेत 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी चालू आहे, टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसाला का दोषी ठरवतात ते टीचर सगळं बोलतात, आम्ही भांडतो, त्या ऐकून घेतात. तू धूळ सांगितलीस. मग रडारड, दार आपटणं, वगैरे. तुमच्याही घरी होतं, मला माहितीय.

या अमेरिकन शाळांतही सगळं छान चाललंय असं नाही हं. मिसिसिपीत बिलॉक्सी गावी २०१७ मध्ये हेच पुस्तक आठवीच्या अभ्यासातून काढलं, त्यातल्या शब्दांमुळे लोकांना अस्वस्थ वाटतं म्हणून. अस्वस्थ वाटण्यासाठीच तर ते द्यायचं, असं मी तेव्हा ऑफिसात लंचला ऐटीत बोलले होते. माझी पाळी आली तर धूळ.

सगळ्यात लाज याची वाटली की उत्तर माझ्याकडे होतं. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही पाच दिवसांत. आणि त्याच माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण केलं. मोळी उचलायला लावणारी आई, तरी आंघोळ सांगणारी आई, आणि चौदा वर्षांनी देवळासाठी उपाशी बसलेला लेखक. यावर मुलं दोन रविवार भांडली असती. मी त्यांना माझे अश्रू दिले फक्त.

आपण पुस्तकं अशीच देतो, आजीच्या पैठणीसारखी, घडी मोडू नका, डाग पाडू नका. कुणी इथे आपल्याला रंगावरून, उच्चारावरून बोललं की आपण चार मेल लिहितो, आणि आपल्याकडचं काही विचारलं की "ते जुनं झालं, आता कुठे तसलं काही." कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे, मला आधी वाटून झालंय.

लेकीला मी सॉरी म्हटलं, पंढरपूरचं सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "मग वर्गात सांगणार का?" हो म्हटलंय. पण त्या वर्गात वेगवेगळ्या घरची मुलं आहेत. कुणाच्या घरात ती मोळी उचलून देणारे होते, कुणाच्या घरात ती म्हातारी होती, हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही, विचारावं का तेही कळत नाही. कुठल्या मुलाकडे बघत ते वाक्य वाचायचं?

परवा एका पालकांचा व्हॉट्सॲप आला, "मॅडम, तो भाग वगळता येईल का?" मी वाचलाय, निळ्या टिका त्यांना दिसल्या असणार. उत्तर अजून दिलेलं नाही. ते इथेच बसलेत. कोणत्या घरातून विचारतायत, पहिल्या की दुसऱ्या, तेही मला माहीत नाही. वडे खाताना भेटा.