वैनगंगेची पातळी आणि आकाशातला निरोप्या

(पवनी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, रोवणीची घाई असताना आलात, म्हणून थेट विषयाला हात घालतो. इथल्याच काही मुलामुलींनी, इंजिनिअरिंग करून परतलेल्या, मला विचारलं: एका उपग्रहाची माहिती दुसऱ्या उपग्रहामार्फत जमिनीवर पोचवायची सेवा आपण काढू शकतो का, आणि काढली तर ती चालेल का? प्रश्न मोलाचा आहे. आणि तो या वैनगंगेच्या काठी विचारला गेला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी यंत्रणा समजून घेऊ. पाचसहाशे किलोमीटरवरून फिरणारा उपग्रह साधारण 95 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. जमिनीवरच्या एका केंद्राला तो फार तर दहा-बारा मिनिटं दिसतो. बाकीचा वेळ काढलेली चित्रं पोटात ठेवूनच फिरायचं. यावर तोड म्हणून सुमारे 36,000 किलोमीटरवर, आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसणारा दुसरा उपग्रह ठेवतात. तो खालच्याचा निरोप घेतो आणि लगेच जमिनीवर पोचवतो, म्हणून त्याला मी निरोप्या म्हणतो. अमेरिकेने असा पहिला उपग्रह 1983 मध्ये सोडला. युरोपने 2016 पासून लेझरवर चालणारी सेवा उभी केली, सेकंदाला 1.8 गिगाबिट वेगाची.

आता धंद्याकडे वळू. आपल्याकडे राइस मिल टाकणारा आधी काय बघतो? सरकारी खरेदीच्या धानाची भरडाई मिळेल की नाही. त्या धानावर मिल उभी राहते, बाजारातला धान ही वरकड. युरोपच्या सेवेलाही सरकारी भूनिरीक्षण उपग्रहांचंच काम आधी बांधून मिळालं. पण इथे एक अडचण मिलवाल्याला नसते. गिऱ्हाइकाच्या उपग्रहावर आपल्याशी बोलणारं यंत्र उड्डाणाआधीच बसवावं लागतं. आज सही झाली, तरी पैसा सुरू व्हायला काही वर्षं जातात. कर्जाचं व्याज मात्र पहिल्या दिवसापासून.

मी मुलांना कागदावर एक हिशोब मांडून दाखवला. आकडे समजुतीचे आहेत. उपग्रह, प्रक्षेपण, विमा, व्याज, केंद्राचा खर्च धरून वर्षाला 200 कोटी लागतात असं माना. आपण विकणार ती निरोप पोचवायची मिनिटं; वर्षात ती 5,25,600. एका अँटेनाची सगळी मिनिटं विकली गेली तर मिनिटाला 3,800 रुपये पडले. दहातलं एकच मिनिट विकलं गेलं तर तेच 38,000 वर जातं. समोर स्पर्धा कोणाची? नॉर्वेच्या स्वालबार्डवर, 78 अंश उत्तरेला, जमिनीवरचं केंद्र आहे. ध्रुवांवरून जाणारा उपग्रह त्याला जवळजवळ प्रत्येक फेरीत सापडतो. म्हणजे आपण गिऱ्हाइकाचा वाचवतो तो जास्तीत जास्त दीडेक तासाचा खोळंबा. तेवढं थांबणं ज्याला परवडतं, तो आपल्याकडे येणार नाही. नासाने नोव्हेंबर 2024 पासून आपल्या जुन्या निरोप्या उपग्रहांवर नव्या मोहिमा घेणं थांबवलं. आता ती खासगी सेवेकडे वळते आहे, हे खरं. पण त्यासाठी 2022 मध्येच सहा कंपन्यांशी मिळून सुमारे 27.85 कोटी डॉलरचे करार झालेत. तिथे आपण उशिरा पोचलो.

मग आपल्या नदीचं काय? आपला ईओएस-04 हा 2022 मध्ये गेलेला रडार उपग्रह ढगांतूनही पाहतो. तो भंडाऱ्यावर असतो तेव्हा हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रालाही दिसतो. म्हणजे आपल्या पुराचं चित्र उतरवायला निरोप्या लागतच नाही. हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं. त्यांचे चेहरे पडले. पण खोटी आशा दाखवून कोणाचं शेत गहाण पडू द्यायचं नव्हतं.

2020 च्या ऑगस्टअखेरीस वर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं. इथे गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले. त्या रात्री एका पुलाजवळ मी एक माणूस पाहिला. खांबावर रंगवलेल्या पट्टीवर टॉर्च मारून त्याने पातळी वाचली आणि ओल्या वहीत लिहिली. मग मोबाइल वर धरून रेंज शोधत तो इकडून तिकडे फिरत राहिला. लाइन गेली होती, टॉवर बंद. आकडा त्याच्या हातात होता आणि खालच्या गावांना तो मिळत नव्हता. खोळंबा तिथे आहे, पुलापासून टॉवरपर्यंत.

तो आकडा किती मोठा? फोनवरच्या एका मेसेजहूनही लहान. असे छोटे निरोप उचलायचं उपकरण 2016 मध्ये गेलेल्या इन्सॅट-3डीआरवर आहे; दूरदूरची स्वयंचलित हवामान केंद्रं त्याच्या आधाराने बोलतात. स्वतःचा उपग्रह न घेता अशा सेवेची क्षमता भाड्याने घ्यावी, असं माझं मत आहे. खरा खर्च काठावर होईल: पातळी मोजून पाठवणाऱ्या यंत्राचा खांब, सोलरची पाटी, बॅटरी, गाळ काढायला माणूस, आणि पाटी चोरीला जाऊ नये म्हणून गावाची राखण. पैसे द्यायला धरणाचं प्रशासन, जिल्हा आपत्ती विभाग ही गिऱ्हाइकं. करार वर्षावारी, आणि पावसाळ्यात यंत्र बंद पडलं तर किती तासांत दुरुस्त करणार हे त्यात लिहिलेलं हवं.

मुलं पहिल्यांदा दोनच खांब लावणार आहेत. काठच्या गावांतून आलेल्यांना माझी विनंती आहे. 2020 ला पाणी तुमच्या घराच्या, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते सभेनंतर त्यांच्या वहीत लिहून द्या. यंत्राची पेटी किती उंच बांधायची ते त्यावरून ठरेल.