वाळवंटातला हौद

नमस्कार मंडळी, संक्रांतीनंतर आम्ही लातूरहून गाडी काढून कच्छला गेलतो, मी, बायको, दाजी आणि आई. आईला वाटलं गुजरात म्हणजे द्वारका-सोमनाथच असणार, दोन दिवस गाडीत बसून भचाऊच्या पुढं आल्यावर तिला कळलं की देव-बिव काही नाही, धोलावीरा नावाचं हे पडकं गाव बघायला नेलालेत, मग ती जे बोलली ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

हे गाव खडीर बेटावर, तिथं जायचा रस्ता रणातून, म्हणजे मिठाच्या वाळवंटातून जातो, दोन्हीकडं पांढरंफेक मीठ, झाड नाही, टपरी नाही आणि नेमकं तिथंच आमचं टायर बसलं. स्टेपनीत हवा कमी. ती लातूरलाच चेक करायची होती, कुणी करायची होती यावर दाजींचं नि माझं अजून जमलेलं नाही.

तर धोलावीरा. हडप्पा संस्कृतीतलं शहर, साडेचार हजार वर्षांमागं भरात असलेलं. १९६० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या जगत पती जोशींनी जागा शोधली, १९९० पासून त्याच खात्याच्या आर. एस. बिष्टांनी खोदकाम केलं, २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आलं. वेशीजवळ दहा मोठ्या अक्षरांची पाटी सापडली, ती आजवर कुणालाच वाचता आली नाही. बाकी हडप्पावाल्यांच्या भाजक्या विटा आपण पुस्तकात बघतो, इथं मात्र जास्त करून घडीव दगड.

पण खरं सांगू का, आम्हा लातूरकरांची नजर तिथं दुसऱ्याच गोष्टीवर गेली. पाणी! चारी बाजूंनी खारं रण, नद्या दोन, मानसर आणि मनहर, त्याबी पावसाळ्यापुरत्या, म्हणजे आपल्या ओढ्यासारख्याच. त्या लोकांनी त्यांना बांध घातले, पाणी गावाकडं वळवलं आणि गावाभोवती एकामागं एक तलाव खोदले, काही तर चक्क खडक फोडून, वर किल्ल्यात पडणारा पाऊससुद्धा दगडी गटारांतून साठवायला नेलेला. पूर्वेचा तलाव ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, १० मीटर खोल, आत उतरायला पायऱ्या.

आई काठावर उभी राहून बघतच राहिली. मग म्हणली, "एवढा मोठा हौद, आन् आपल्याला रेल्वेनं पाणी आणावं लागलं."

तुम्हाला आठवत असेल, २०१६ चा एप्रिल, मिरजेहून पाण्याची रेल्वे आलती, पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. त्याच्या आधी शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावलेली. आमच्या घरात तेव्हापासून एकबी घागर रिकामी ठेवत नाहीत, नळ रोज आला तरी. बायको हसते आईला, पण स्वतःबी भरूनच ठेवते.

किल्ल्यात एक विहीर आहे. तिच्या काठच्या दगडावर दोरानं घासून घासून खाचा पडल्यात, बोटाएवढ्या. तोवर आई गुडघे धरून कुरकुर करत होती, ती खाचा बघून खालीच बसली आणि हातानं दोर ओढल्यासारखं करून दाजींना दाखवाय लागली, की पोहरा असा यायचा, इथं घासायचा, आमच्या माहेरच्या आडाला असाच दगड होता, नवी सून आली की तिचे हात पहिले आठ दिवस सोलून निघायचे.

दाजी म्हणले, "आत्या, चला आता, ऊन झालं."

"थांबा जरा," म्हणली, "द्वारकेला न्यायचं नव्हतं ना, मग बसू द्या."